पॅड बदलल्यावर ओरडणारा ब्रेक: चिपळूणच्या एका ऑल्टोचं प्रकरण

२०२५च्या जूनमध्ये पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता, तेव्हा भाच्याचा चिपळूणहून फोन आला. "मामा, पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. ब्रेक लागतो चांगला, पण दाबला की असा किंचाळतो की बाजारपेठेत लोक मान वळवून बघतात. काय चुकलं माझं?"

मी कराडला बावीस वर्षं गॅरेजच्या कामात आहे. घरी केलेल्या दुरुस्तीनंतर आवाज घेऊन येणाऱ्या गाड्या मला नव्या नाहीत. तरी हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात एक आवाज दुसऱ्या बिघाडाला झाकत होता आणि फोनवर दिलेला माझा पहिला सल्ला अर्धवट होता. त्या अर्धवट सल्ल्यावर भाचा आणखी एक आठवडा घाटातून गाडी चालवत राहिला.

गाडी २००६ची ऑल्टो. मुळात दाजींची, आता भाचा वापरतो. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. किलोमीटर एक लाख बारा हजार. २०२१च्या फेब्रुवारीत पंधरा वर्षं भरली म्हणून पासिंग करून पाच वर्षांची मुदत वाढवली होती. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि ही गाडी अंगणात बॉनेटच्या खालच्या कडेपर्यंत बुडाली. पुरानंतर इंजिन ऑइल, स्टार्टर, सीट सगळं झालं. मागचे ड्रम उघडून त्यातला गाळ काढला. पुढच्या डिस्क उघड्याच दिसतात, म्हणून त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारून त्या तशाच सोडल्या गेल्या. त्या दिवसांत चिपळुणात गॅरेजपुढे गाड्यांच्या रांगा होत्या, एकेका गाडीला वेळ तरी किती देणार? पण पुराचा हा धागा या प्रकरणात शेवटपर्यंत जातो.

भाचा रोज चिपळूणहून लोट्याच्या एमआयडीसीत कामाला जातो, म्हणजे रोज दोनदा परशुराम घाट. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी त्याने पॅड बदलायचं ठरवलं. त्याने काय काय केलं ते मी त्याच्याकडून एकेक करून काढून घेतलं. जॅकवर गाडी उचलली आणि खाली लाकडी ठोकळे लावले. कॅलिपरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या जबड्याचा, खालचा बोल्ट काढून तो वर उचलला. सुताराच्या शिकंज्याने पिस्टन मागे दाबला. जुने पॅड काढले, नवे बसवले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या वाटल्या म्हणून घरातल्या डब्यातलं पिवळं बेअरिंग ग्रीस त्यांना लावलं. पॅड चढवताना कॅलिपरला स्क्रूड्रायव्हरने थोडा रेटा दिला. मग पेडल पंप करून कडक केलं आणि गाडी बाहेर काढली.

पहिल्या दिवसापासून आवाज. कुणीतरी सांगितलं म्हणून पॅडच्या कडा कानशीने घासल्या. दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी परत किंचाळी.

मी विचारलं, "जुन्या पॅडच्या पाठीला पातळ पत्रे होते ना? ते नव्या पॅडला लावलेस का?"

नव्हते लावले. ते जुन्या पॅडला चिकटून तसेच राहिले होते, आणि नव्या जोडीबरोबर पत्रे आलेच नव्हते. मला वाटलं, सापडलं. "ते शिम काढ, साफ कर, नव्या पॅडच्या पाठीला बसव. मध्ये उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस अगदी पातळ लाव. थेंबभरही पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला लागू देऊ नकोस." त्याने रविवारी ते केलं. आवाज निम्म्यावर आला. दोघंही समाधान पावलो. त्या वेळी मी गाडी गरम झाल्यावर काय होतं हे विचारलं नव्हतं.

आठवड्याने पुन्हा फोन. "मामा, घाट उतरून खाली आलो की उजव्या चाकापाशी जळका वास येतोय. आणि ब्रेक मारला की गाडी जराशी उजवीकडे जाते."

मी म्हटलं, "आता ती गाडी घरासमोरून हलवू नकोस. मी रविवारी येतो. आणि जुने पॅड टाकले असशील तर आधी कचऱ्यातून शोधून ठेव."

आवाजाची उलटतपासणी

कुंभार्ली घाट उतरताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, की मी प्रश्न चुकीच्या क्रमाने विचारले. ब्रेकच्या आवाजात "कसा" यापेक्षा "केव्हा" जास्त महत्त्वाचं असतं.

पावसाळ्यात सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक मारताना खरखर येते आणि मग बंद होते, तो डिस्कवर रात्रीत चढलेला गंज असतो. डिस्क बिडाची असते. कोकणातल्या दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर येतो आणि पॅड तो पुसून काढतात. त्याला काही करायचं नसतं. ब्रेक न दाबताही सर्र सर्र येत असेल आणि चाकाच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर डिस्कमागचा पत्रा टेकतोय किंवा खडा अडकलाय. ब्रेक न दाबता बारीक किंचाळी येते आणि ब्रेक दाबला की थांबते, तेव्हा झीज दाखवणारी पत्र्याची जीभ डिस्कला टेकत असल्याचा संशय घ्यावा. अशी जीभ पॅड संपत आला की टेकावी म्हणूनच ठेवलेली असते, पण पॅड उलटसुलट बसले तर नवेपणीही टेकू शकते. ब्रेक दाबल्यावर एकच "टक" होत असेल तर पॅड जागेवर सैल आहे. आणि वळणावर आवाज बदलत असेल, तर ब्रेकआधी बेअरिंग तपासावं.

राहते ती खरी किंचाळी, हळू वेगात ब्रेक अलगद दाबल्यावर येणारी. पॅड डिस्कवर एकसंध घासत नाही. तो क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं. सारंगीवर गज फिरतो तेव्हा तारेचं जे होतं तेच इथे डिस्कचं होतं. कंप सेकंदाला हजाराच्या वर गेले की कानाला किंचाळी लागते, खाली राहिले तर घुरघुर. पाठीचा शिम म्हणजे पोलादी पत्रा, त्यावर सहसा रबरासारखा थर. तो हा कंप पॅडकडून पिस्टनकडे आणि कॅलिपरकडे जाऊ देत नाही. शिम नसले की पिस्टनची कडा थेट पॅडच्या लोखंडी पाठीवर टेकते आणि सगळं मिळून घंटेसारखं वाजतं. म्हणून शिम लावल्यावर आवाज निम्मा झाला, यात आश्चर्य नव्हतं. उरलेला निम्मा का राहिला, हे मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं.

जुने पॅड काय सांगत होते

पोचल्यावर ताईने चहा ठेवला, पण मी आधी पडवीत पॅड मांडले. नव्या पॅडच्याच खोक्यात भाच्याने चारही जुने जपून ठेवले होते. शोधाशोध करावी लागली नाही, त्याचं मला खरंच कौतुक वाटलं. कोणता कुठला हे त्याला आठवत नव्हतं, पण आतला आणि बाहेरचा पाठीवरच्या खुणेवरून कळतो. आतल्या पॅडच्या पाठीवर पिस्टनचं गोल वळं उमटलेलं असतं, बाहेरच्यावर कॅलिपरच्या बोटांचे दोन ठसे. राहिली डावी-उजवी बाजू.

व्हर्नियरने अस्तराची, म्हणजे पॅडच्या घासणाऱ्या थराची, जाडी मोजली. एक जोडी ४.२ आणि ४.५ मिमी. म्हणजे आत-बाहेर जवळजवळ सारखी झीज, निरोगी बाजू. दुसरी जोडी बाहेरचा पॅड ५.६. आतला एका टोकाला ४.० आणि दुसऱ्या टोकाला २.१, पाचरीसारखा उतरता.

हे पाहिल्यावर चहा बाजूला राहिला. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकत आत येऊन बाहेरचा पॅड ओढतो. पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. कॅलिपर सरकत नसेल तर सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. आणि दोनांपैकी एकच पिन अडकली असेल तर कॅलिपर तिरका होतो आणि पॅड पाचरीसारखा झिजतो. म्हणजे उजवी बाजू, जर ही जोडी उजवीकडचीच असेल तर, मेच्या कितीतरी आधीपासून आजारी होती. जुने पॅड तिरक्या झिजेला सरावून गुपचूप बसले होते. सपाट नवे पॅड त्याच वाकड्या कॅलिपरात गेले आणि बोंब सुरू झाली.

गॅरेजात सुद्धा जुने पॅड काढले की आधी डब्यात जातात, मग काम सुरू होतं. मला ही सवय पटत नाही. त्या चार तुकड्यांवर गेल्या तीस-चाळीस हजार किलोमीटरचा अहवाल लिहिलेला असतो.

चाक उचलण्याआधी

गाडी मी सपाट रस्त्यावर खेर्डीच्या बाजूला चार किलोमीटर हळू चालवली, ब्रेक जेमतेम चार वेळा दाबला. परत येऊन लांबून उष्णता मोजणाऱ्या यंत्राने दोन्ही डिस्कच्या मधल्या ओतीव भागावर मोजलं. चकचकीत घासलेल्या भागावर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, म्हणून दोन्हीकडे एकच जागा धरायची आणि आकड्यापेक्षा फरक बघायचा. डावीकडे ५२ अंश, उजवीकडे १४१. ब्रेक न मारताच उजवा पॅड डिस्कला धरून होता. घाटात हा आकडा कुठे जात असेल याचा विचार करून मला घाम फुटला.

ही भीती उगाच नव्हती. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं तेल किमान २०५ अंशांना उकळतं, पण पाणी शोषलेलं १४० अंशांनाच. डॉट ४ साठी तेच आकडे २३० आणि १५५. ओढत राहिलेल्या कॅलिपरमधलं तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. पेडल तळाला जातं आणि ब्रेक नसतो. परशुराम घाटात, भर पावसात. या गाडीच्या टाकीतलं तेल काळपट होतं आणि शेवटचं कधी बदललं हे कुणालाच सांगता येईना.

उघडण्याआधी आणखी एक परीक्षा राहिली होती. चाक अडकण्याची कारणं दोन जातीची असतात, एक तर तेलाचा दाब परत जात नाही किंवा लोखंड सरकत नाही. कॅलिपरला तेल नेणाऱ्या जुन्या रबरी होजचं आतलं अस्तर सुटलं तर ते झडपेसारखं वागतं, दाब जातो पण परत येत नाही. हे ओळखायला गाडी उचलली, स्टँड लावले, मागच्या चाकांना दगड दिले. भाच्याला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. उजवं चाक हाताने जेमतेम फिरत होतं. मग ब्लीडरचा, म्हणजे कॅलिपरवरचा तेल आणि हवा काढायचा, निपल पाव फेरा सैल केला. दाब अडकला असता तर तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं असतं. दोन थेंब आले, चाक तसंच. म्हणजे होज नाही, पेडलचा दाब तेलाला देणारा मास्टर सिलिंडर नाही, दुखणं कॅलिपरमध्येच होतं.

उजवी बाजू

चाक काढल्यावर पहिलं काम पाणी. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, हवेचा पाइप लावायचा नाही. जुन्या अस्तरांमध्ये ॲसबेस्टॉस असायचा, आणि तुमच्या हातातल्या जुन्या अस्तरात काय आहे हे दिसून कळत नाही. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसलं. भाच्याला हे ठाऊक नव्हतं, मेमध्ये त्याने तोंडानेच फुंकलं होतं. यापुढे नको, एवढंच म्हटलं.

कॅलिपर हाताने आत-बाहेर हलवून पाहिला. वरच्या पिनेवर सरकत होता, खालच्या पिनेवर ढिम्म. खालच्या पिनेचं रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारं आवरण, फुगून मऊ पडलं होतं आणि खाचेतून सुटून एका बाजूला लोंबत होतं. पिन सरळ ओढून येईना. पान्याने थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवत दहा मिनिटांनी ती बाहेर आली, आणि तिच्याबरोबर पिवळं ग्रीस, काळा गंज आणि तळाशी तांबडी-करडी वाळलेली माती. ती माती मी बोटांत चोळली. रस्त्यावरचा चिखल एवढा बारीक नसतो. हा पुराचा गाळ होता, चार वर्षं पिनेच्या भोकाच्या तळाशी बसलेला.

आता सगळं जुळलं. पुराचं पाणी बूटच्या कडेतून आत गेलं, गाळ ठेवून गेलं. पिन हळूहळू जड झाली, आतला पॅड तिरका झिजत गेला. मेमध्ये भाच्याने पिन पूर्ण साफ न करता वरून बेअरिंगचं ग्रीस भरलं. ग्रीस लावणं योग्यच होतं, फक्त ते ग्रीस इथलं नव्हतं. ब्रेकची रबरं सहसा ईपीडीएम जातीची असतात. त्यांना ब्रेक ऑइल चालतं, पण खनिज तेलापासून बनलेलं ग्रीस, डिझेल, पेट्रोल लागलं की ती फुगतात. तीन आठवड्यांत बूट फुगून खाचेतून निसटलं आणि पावसाचं पाणी थेट पिनेवर जाऊ लागलं. आधीच जड असलेली पिन जाम झाली. आमच्या धंद्यात कॅलिपर उघडला की डिझेलने धुवायची सवय आहे, तीही याच कारणाने वाईट. ब्रेक क्लीनर वापरावा, नाहीतर स्पिरिट.

पिस्टन शिकंज्याने दाबला, तो मऊपणे मागे गेला. त्याचं धुळीचं रबर शाबूत होतं, तेल झिरपत नव्हतं. मोठं काम टळलं. दाबण्याआधी टाकीतलं थोडं तेल पिचकारीने काढून घेतलं, कारण पिस्टन मागे जाताना तेल वर चढतं आणि सांडलं तर रंग उतरवतं. मेमध्ये ते सांडलंच होतं, टाकीखालच्या पत्र्यावरचा रंग पोपडे धरून सुटलाय.

पॅडकडे पाहिलं तर आतला काचेसारखा चमकत होता आणि त्याच्या कडा राखाडी होऊन नखाने भुगा निघत होता. डिस्कवर निळसर डाग होते. डिस्क मोजली. झिजलेल्या डिस्कच्या परिघावर न घासलेली उंच कड राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकून जाडी जास्त दाखवतात. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या वर ती चांगली होती. डायल गेजवर थरथर ०.०५ मिमी. ०.१ च्या आत असली की मी ठीक मानतो. डिस्क वाचली.

डावी बाजू

इथे मला फार काही सापडेल असं वाटलं नव्हतं, पण सापडलं, आणि पहिल्या दिवसाच्या किंचाळीचा मोठा वाटा इथलाच होता.

"पॅड बसवताना हातोडी वापरलीस का?" मी विचारलं.

तो क्षणभर गप्प राहिला. "हलकेच, मामा. कोपऱ्यात अडकत होता."

पॅडचे दोन्ही कान ज्या खाचेत बसतात, तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. क्लिप गंजत नाही, पण तिच्याखालचं बीड गंजतं. गंज जागा जास्त घेतो, क्लिपला आतून वर उचलतो आणि खाच अरुंद होते. वरून पाहिलं तर क्लिप स्वच्छ, चकचकीत. म्हणून भाच्याने त्या काढल्याच नव्हत्या. पॅड ठोकून बसवावा लागला याचा अर्थ ब्रेक सोडल्यावर तो मागे हटणार नाही, डिस्कला चाटत राहील. क्लिपा काढल्या, खाचेतला गंज तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने बीड दिसेपर्यंत काढला. मग पॅड दोन बोटांनी ढकलला तर सरकला. हातोडीची गरज वाटणं हीच इथली खूण होती.

डावं चाक फिरताना सर्र सर्र येत होतं, त्याचं कारणही मिळालं. डिस्कमागचा पत्रा एका जागी आत दबून डिस्कच्या कडेला टेकत होता, आणि टेकलेल्या जागी चांदीसारखी चमकदार रेघ पडली होती. स्क्रूड्रायव्हरचा रेटा या पत्र्यावर आला होता. अंगठ्याने मागे वाकवला, दोन मिनिटांचं काम. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला होता का, हेही विचारलं. नाही, तारेने स्प्रिंगला बांधला होता. हे त्याचं त्याला सुचलं होतं. वजनाने होज आतून तुटते, ती वाचली.

जोडणी

सोमवारी दुकानं उघडल्यावर दोन्ही बाजूंचा पिना-बुटांचा संच, नव्या क्लिपा, शिमसकट नवे पॅड आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस आणलं. डावे पॅड घासून चालले असते, पण पॅड एकाच बाजूला नवे घालायचे नसतात, दोन्ही बाजूंची पकड वेगळी होते. तीन आठवड्यांचे पॅड टाकताना भाच्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. तो म्हणाला, "मग आता महागातले घेऊया का?" मी नको म्हटलं. या वजनाच्या गाडीला साधे पॅड पुरतात, आणि धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड तर आणखी आवाज करतात.

पिनांची भोकं कापडाच्या वातीने आणि क्लीनरने तळापर्यंत साफ केली, वात पांढरी निघेपर्यंत. पिनेला ग्रीसचा पातळ थर, भरून नाही. ग्रीस जास्त झालं तर आत हवा कोंडून पिन परत उसळते. बूट खाचेत बसलं का हे बोट फिरवून पाहिलं. पॅडच्या कानांना नखभर ग्रीस. डिस्कची उंच कड लेथवर काढून घेतली, नाहीतर नव्या पॅडची कड तिच्यावर चढून वेगळाच आवाज लागला असता. डिस्कच्या तोंडावर एमरी पेपर गोल न फिरवता आडवातिडवा मारला. मग चारही चाकांतून जुनं तेल काढून, ताज्या सीलबंद डब्यातलं, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं तेल भरलं आणि हवा काढली. हे सगळं भाच्याने केलं, मी शेजारी स्टुलावर बसलो. बोल्ट त्याने टॉर्क पान्याने आवळले, पुस्तिकेतला आकडा वाचून.

नवे पॅड बसले म्हणजे लगेच घाटात जायचं नसतं. अस्तराचा पातळ थर डिस्कवर सारखा चढावा लागतो. तो ठिकठिकाणी जाड चढला तर पुन्हा थरथर आणि किंचाळी. रिकाम्या सरळ रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम दाबाने ब्रेक, मग अर्धा मिनिट वारा लागू द्यायचा, असं दहा वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही, गरम पॅडचा ठसा एकाच जागी बसतो. नंतर गाडी अर्धा तास उभी केली, हँडब्रेक न लावता, दगड देऊन.

तोच चार किलोमीटरचा फेरा पुन्हा मारला. डावीकडे ४९, उजवीकडे ५१. संध्याकाळी दोघं परशुराम घाट चढून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली येऊन मोजलं तर ११८ आणि १२४. वास नाही, ओढ नाही. किंचाळी नाही. रिव्हर्समध्ये थांबताना अगदी शेवटच्या हातभर अंतरात एक बारीक कुईं येत होती. ती मी तशीच सोडली. पॅड उलट दिशेने कानावर टेकतो तेव्हा इतका आवाज चालतो, आणि तो घालवण्यासाठी बसलेलं काम पुन्हा उघडण्यात अर्थ नव्हता. पावसाळी सकाळची खरखरही राहणार, हे भाच्याला आधीच सांगून ठेवलं.

गणपतीला मी पुन्हा चिपळूणला गेलो, तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. भाच्याने स्वतःहून पुढची चाकं काढून ठेवली होती. उजवीकडचे पॅड आत ८.५, बाहेर ८.६ मिमी, दोन्ही टोकांना सारखे. पिना बोटाने सरकत होत्या, बुटं खाचेत घट्ट. मग म्हटलं, पुढच्या वर्षी पासिंग आहे, मागचे ड्रमही पाहून घेऊ. डाव्या ड्रममध्ये, तिथला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली. दुकान बंद व्हायच्या आत नवा सिलिंडर आणला आणि दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर काम काढलं. भाचा ड्रमसमोर बसला. पाना हातात घेण्याआधी त्याने फोनवर फोटो काढले, चाक हाताने दोन फेरे फिरवलं आणि कान जवळ नेऊन ऐकलं.